दिलकुशाची बाग आणि नाबोथाचा द्राक्षमळा

लखनौला जाणारा प्रवासी बहुधा मोठा इमामबाडा पाहतो, रूमी दरवाजा पाहतो, चिकनचे कापड विकत घेतो आणि वेळ उरल्यास रेसिडेन्सीच्या पडक्या भिंतींमधून एक फेरी मारतो. शहराच्या पूर्वेस, छावणीच्या बाजूला असलेल्या दिलकुशा कोठीकडे सहसा कोणी वळत नाही. वळणाऱ्याला मात्र एक नवल दिसते. भोवताली हिरवळ व फुलांचे ताटवे, आणि मधोमध कोपऱ्यांवर बुरूज असलेली, छप्पर हरवलेली एक उंच वास्तू. ती ना नवाबी वाटते, ना हिंदू, ना मोगल. हिंदुस्थानी वाड्याला जो हमखास असावयाचा, तो आतला चौक तिला नाही. असणार तरी कसा? ती मुळी हिंदुस्थानी वाडा नव्हेच. इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थम्बरलँड परगण्यात सीटन डेलाव्हल हॉल नावाचा एक सरदारी प्रासाद आहे. सर जॉन व्हॅनब्रू या नाटककार-वास्तुशिल्पीने १७१८ साली त्याचा आराखडा केला. दिलकुशा ही त्या प्रासादाच्या धर्तीवर गोमतीच्या काठी उभारलेली प्रतिमा आहे.

दिलकुशा म्हणजे मन मोकळे करणारी, चित्त उल्हसित करणारी. नवाब सआदत अली खान यांच्यासाठी, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, त्यांचे इंग्रज स्नेही मेजर गोर औसली यांनी ती बांधविली. शिकारीस निघालेल्या नवाबाने येथे उतरावे, भोवतालच्या राखीव रानात हरणे चरावीत, असा बेत होता. आज मूळ आणि प्रतिमा या दोघींच्याही वाट्याला भग्नावस्था आली आहे. सीटन डेलाव्हलचा मधला भाग १८२२ च्या आगीत जळाला आणि पुन्हा कधीही पूर्णपणे वसला नाही. दिलकुशाने १८५७-५८ च्या लढाईचा मार खाल्ला व पुढे ती दुर्लक्षाने ढासळत गेली. इंग्लंडमधील वास्तू २००९ साली नॅशनल ट्रस्ट या संस्थेने आपल्या हाती घेतली; लखनौतील पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

अशा ठिकाणी उभे राहिले की मनाला प्रसन्न वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रमाणबद्ध भिंत डोळ्यांना सुखावते, मग ती कोणीही बांधलेली असो. तरीही ख्रिस्ती माणसाने येथे स्वतःला एक प्रश्न विचारावा असे मला वाटते. ज्या सौंदर्याचे मोल दुसऱ्याने चुकते केले, त्या सौंदर्यात आनंद मानण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे?

प्रश्न पोकळ नाही, हे दाखविण्यासाठी एकच तारीख पुरेशी आहे. १८०१ साली लॉर्ड वेलस्ली याने सआदत अली खानांकडून जो तह लिहून घेतला, त्यात अयोध्येचे जवळजवळ अर्धे राज्य कंपनीकडे गेले. रोहिलखंड गेले, दुआब गेला. राज्य निम्मे झालेला राजा आणि त्याच्यासाठी इंग्रजी थाटाची कोठी उभी करणारा इंग्रज मित्र, अशी ही जोडी आहे. नवाबाला त्या कोठीत काय दिसत असेल? ज्यांनी आपल्याला लुबाडले त्यांच्यासारखे दिसण्याची ओढ पराभूताला लागते, हा अनुभव आपल्या देशाला नवीन नाही. आपल्या मंडळ्यांनाही तो नवीन नाही, पण तो विषय निराळा.

त्याच सुमारास इंग्लंडात याचे उलटे रूप घडत होते. ग्लॉस्टरशायरमध्ये कंपनीच्या नोकरीत श्रीमंत झालेल्या सर चार्ल्स कॉकरेल यांनी सेझिनकोट येथे चक्क मोगली घुमटाचे घर बांधविले. हिंदुस्थानात इंग्रजी वाडा आणि इंग्लंडात हिंदुस्थानी वाडा! रुचीची देवाणघेवाण म्हणून हे कौतुकाने सांगितले जाते. रुचीची देवाणघेवाण झाली खरी. संपत्तीचा प्रवास मात्र एकाच दिशेने चालू होता. क्लाइव्हने १७६९ मध्ये सरे परगण्यातील क्लेअरमाँटचे जुने घर पाडून नवे बांधावयास घेतले, आणि त्या घराचे व बागेचे काम लॅन्सलॉट ब्राऊन या त्या काळच्या सर्वांत नामांकित उद्यानशिल्पीला दिले. ज्या बंगालच्या दिवाणीने कंपनी गबर झाली, त्या बंगालात १७६९-७० मध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. क्लाइव्ह तेव्हा हिंदुस्थानात नव्हता, आणि दुष्काळाला अवर्षणही कारण होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण सारा भरताना मेलेल्या माणसाला ही बारीक वजाबाकी कोण समजावून सांगणार? २०२० साली नॅशनल ट्रस्टने आपल्याच ताब्यातील वास्तूंची झडती घेतली, तेव्हा त्यांतील ९३ ठिकाणांचा गुलामांच्या व्यापाराशी वा वसाहतींशी संबंध असल्याचे नोंदवले. त्यावर तेथे बराच गदारोळ झाला. रविवारची बाग पाहावयास आलेल्या माणसाला कशाला दुखवायचे, असा एका पक्षाचा सूर होता.

हा सूर आपल्याकडेही ऐकू येतो. दगड निष्पाप असतात, इतिहास होऊन गेला, आता फुले पाहा. दुसरा सूर याच्या नेमका उलट आहे: हे सारे परक्यांच्या जुलमाचे अवशेष आहेत, यांच्याकडे पाहूही नये, जमल्यास पाडून टाकावेत. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि म्हणूनच मला ती पटत नाहीत.

पवित्र शास्त्रात एका बागेची कथा आहे. राजे या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात अहाब राजाला आपल्या वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या मळ्यासाठी हवासा वाटतो. येथे एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. अहाब आरंभी वाजवी बोलतो. तो मोबदल्यात याहून चांगला मळा देऊ करतो, किंवा रोख किंमत देऊ करतो. नाबोथ नकार देतो, कारण ते त्याच्या वाडवडिलांचे वतन आहे. महाराष्ट्रातील माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वतनाला बाजारभाव नसतो, हे आपल्या गावोगावी शेकडो वर्षे माहीत होते. १८५२ नंतर इनाम कमिशनने दारोदार कागद मागितले तेव्हा आपल्या पूर्वजांना त्याचा अर्थ आणखी चांगला कळला. पुढे ईजबेल दोन खोटे साक्षीदार उभे करते, सर्व काही कायद्याच्या चौकटीत पार पडते, नाबोथ दगडमाराने मरतो आणि राजा मळ्याचा ताबा घ्यावयास जातो. १८५६ साली अयोध्या खालसा झाली तीही कायद्याच्या भाषेतच. राज्यकारभार नीट नाही, हे कारण कागदावर शोभून दिसत होते. त्यात तथ्य अजिबात नव्हते असेही नाही, आणि हीच त्यातील खरी अडचण आहे.

परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती कथेतील जागा. देव एलीयाला राजवाड्यात पाठवीत नाही, मंदिरातही नाही. अहाब मळ्यात उतरला आहे, तेथेच जाऊन त्याला गाठ, अशी आज्ञा होते. एलीया द्राक्षवेली उपटून टाकीत नाही. मळा वाईट आहे असेही तो म्हणत नाही. ज्या जमिनीवर राजा समाधानाने पाऊल टाकीत आहे, त्याच जमिनीवर उभे राहून तो मेलेल्या माणसाचे नाव घेतो. मळा तसाच राहतो. त्यात फिरणे तेवढे पूर्वीसारखे राहत नाही.

शुभवर्तमानातही असा एक प्रसंग आहे आणि अध्यायांची विभागणी आडवी आल्यामुळे तो आपल्या नजरेतून निसटतो. मार्काच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी बोलतो. लगेच एक गरीब विधवा आपली सारी उपजीविका, दोन टोल्या, भांडारात टाकते. तेराव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात एक शिष्य मंदिराबाहेर पडताना ते प्रचंड चिरे आणि त्या इमारती पाहून हरखून जातो व गुरूंचे लक्ष तिकडे वेधतो. एकाच दुपारी, एकाच जागी, गुरूला विधवा दिसली आणि शिष्याला चिरे दिसले. ते चिरे खरोखर अप्रतिम होते. हेरोदाने त्यावर अमाप खर्च केला होता. शिष्य काही खोटे बोलत नव्हता.

अयोध्येच्या बाबतीत तर विधवांची घरे ही उपमाही राहत नाही. १७८१-८२ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज याने फैजाबादच्या बेगमांचा खजिना सक्तीने काढून घ्यावयास लावला. त्यांतील एक नवाब शुजाउद्दौला यांची विधवा, दुसरी त्यांची वृद्ध माता. या व अशा आरोपांवर लंडनच्या पार्लमेंटात १७८८ पासून सात वर्षे खटला चालला, बर्क आणि शेरिडन यांची भाषणे गाजली, आणि १७९५ साली आरोपी निर्दोष सुटला. इंग्रजी वाङ्मयाला त्यातून उत्तम वक्तृत्व मिळाले.

नवाबांची संपत्ती तरी कोठून आली, असे कोणी विचारील. योग्य प्रश्न आहे. तीही कुळांच्या घामातूनच आली. असफउद्दौलाने १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून इमामबाडा बांधावयास काढला, हे लखनौ आजही अभिमानाने सांगते. ती सारी वास्तू एका अर्थाने भाकरीची वास्तू आहे. पण दान देणारा हात आणि सारा वसूल करणारा हात एकाच राजाचे होते, हे विसरता येत नाही. मुद्दा इंग्रज विरुद्ध हिंदी असा नाहीच. एलीयाने ज्याला गाठले तो स्वकीय राजा होता.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत अवघड भागाकडे येतो. याच दिलकुशाच्या आवारात २४ नोव्हेंबर १८५७ रोजी सर हेन्री हॅवलॉक आमांशाने मरण पावला. रेसिडेन्सीत अडकलेल्यांच्या सुटकेसाठी तो सप्टेंबरात लढत आत शिरला होता; पुढे नोव्हेंबरात कॉलिन कॅम्बेलच्या फौजेने सर्वांना बाहेर काढले. हॅवलॉकला आलमबागेत पुरले. ख्रिस्ती मनुष्य कसा मरतो ते पाहा, अशा आशयाचे उद्गार त्याने मुलापाशी काढले असे सांगतात, आणि इंग्लंडभर ते पत्रकांतून पसरले. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. आपल्या अंदमानातील एका बेटाला त्याचे नाव होते. २०१८ साली ते बदलून स्वराज द्वीप झाले.

हॅवलॉकची श्रद्धा दिखाऊ नव्हती. तो शिपायांना दारूपासून परावृत्त करी, त्यांच्यासाठी शास्त्रवाचनाच्या सभा घेई. १८३० साली सेरामपूरला त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याची पत्नी हॅना ही सेरामपूरच्या जोशुआ मार्शमन यांची कन्या. सेरामपूर हे नाव आले की मराठी ख्रिस्ती माणसाला थांबावे लागते. मार्शमन यांचे सहकारी विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने तेथेच मराठीचे व्याकरण सिद्ध केले आणि १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. (कॅरी स्वतः मोठे बागवान होते. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी त्यांनी बागेत झटकली आणि त्या मातीतून एक इंग्रजी डेझी उगवली, तेव्हा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला.) म्हणजे ज्या घराने आपल्या हाती मराठी शुभवर्तमान दिले, त्याच घराचा जावई तलवार घेऊन लखनौत शिरला. आणि त्याच्याबरोबर होता जेम्स नील, ज्याच्या सैन्याने अलाहाबादेहून कानपूरकडे येणाऱ्या वाटेवर गावे जाळली व झाडांना माणसे टांगली. देव आपल्या पाठीशी आहे असे त्यालाही वाटत होते.

दुसऱ्या बाजूलाही आपलेच नाव आहे. जुलै १८५७ मध्ये कानपूरच्या बीबीघरात सुमारे दोनशे स्त्रिया व मुले मारली गेली, ती बिठूरच्या पेशव्यांच्या, नानासाहेबांच्या, कैदेत होती. त्यांचा प्रत्यक्ष हुकूम होता की नव्हता यावर इतिहासकारांचे एकमत नाही. तरीही मराठी म्हणून आपण नानासाहेबांना आपले म्हणतो आणि ख्रिस्ती म्हणून शेजारी आपल्याला हॅवलॉकच्या गोटात ढकलतो. त्या वर्षी हिंदी ख्रिस्ती माणसे कोठे होती, हे मात्र कोणीच विचारीत नाही. दिल्लीत विलायत अली नावाचा बाप्टिस्ट उपदेशक मारला गेला. अलाहाबादेत गोपीनाथ नंदी यांनी बायकोमुलांसह मारहाण व कैद सोसली, पण विश्वास सोडला नाही. रेसिडेन्सीचा बचाव करणाऱ्यांतही सातशेच्या आसपास हिंदी शिपाई होते. यांच्यासाठी कोणत्या चौकात पुतळा आहे?

या गुंत्यातून सुटण्यासाठी आपण बहुधा एक सोयीची वाट धरतो. मिशनरी निराळे आणि सरकार निराळे, असे म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा ते खरेही होते. कंपनीने मिशनला आपल्या मुलखात काम करू दिले नाही म्हणून तर कॅरी डेन्मार्कच्या सेरामपुरात राहिले. पण हॅवलॉकच्या बाबतीत ही भिंत उभी राहत नाही. मला वाटते, त्याची श्रद्धा खरी होती हे मान्य करावे, आणि श्रद्धा खरी असल्याने त्याच्या हातचे कार्य न्याय्य ठरत नाही हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणावे. दावीद परमेश्वराच्या मनासारखा होता, म्हणून उरीयाचा खून पुण्य ठरला नाही. हे म्हणताना आवाज दबता कामा नये. शेजाऱ्याला बरे वाटावे म्हणून तो चढताही कामा नये.

बागांविषयी आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. लखनौतील सिकंदर बाग नवाब वाजिद अली शाह यांनी आपल्या एका बेगमेसाठी लावली. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी तिच्या चार भिंतींच्या आत सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई कापले गेले. काही महिन्यांनी फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने तेथे घेतलेल्या चित्रात पुढच्या अंगणात मानवी हाडे विखुरलेली दिसतात. चित्र परिणामकारक व्हावे म्हणून ती मुद्दाम मांडली असावीत, असे जाणकार म्हणतात. आज त्या परिसरात राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे उद्यान आहे. जवळच झाडावर चढून लढलेल्या उदादेवी पासी यांचा पुतळा आहे.

दुसरी बाग कानपूरची. बीबीघराच्या विहिरीवर मारोकेत्ती या शिल्पकाराचा संगमरवरी देवदूत बसविला, भोवती सुरेख उद्यान केले, आणि त्या उद्यानात हिंदी माणसाला परवान्यावाचून प्रवेश नव्हता. शोक खरा होता. मारलेली मुले खरीच मुले होती. परंतु दोनशे जणांच्या स्मरणार्थ लावलेल्या फुलांपाशी लाखोंना मज्जाव करणारे फाटक उभे राहिले, तेव्हा शोकाचे काहीतरी दुसरेच झाले. स्वातंत्र्यानंतर देवदूत तेथून हलवून छावणीतील ऑल सोल्स चर्चच्या आवारात नेला, आणि ती बाग नानाराव पार्क झाली.

म्हणून बाग पाहताना मी शिल्पाइतकेच फाटकाकडे पाहतो. आत कोणाला सोडीत असत? बांधले कोणी, पैसा कोणाचा, हे प्रश्न आहेतच. पण आत येणाऱ्यांवरून बागेचे मन कळते.

येथे गोर औसली यांच्याविषयी राहिलेली गोष्ट सांगतो. दिलकुशाचा हा शिल्पकार पुढे इंग्लंडचा वकील म्हणून इराणला गेला. १८१२ साली क्षयाने जर्जर झालेला हेन्री मार्टिन नवा कराराचे फारसी भाषांतर घेऊन तब्रीझला पोचला, तेव्हा औसली दांपत्याने त्याची शुश्रूषा केली. मार्टिन त्याच वर्षी तोकत येथे वारला. भाषांतराची प्रत औसली यांनी स्वतः शहाच्या हाती पोचविली आणि सेंट पीटर्सबर्गला १८१५ साली ती छापली जात असताना तिच्या शुद्धतेवर लक्ष ठेवले. राजाला मौजेची कोठी बांधून देणारा हात तो, आणि मुद्रिते तपासणारा हातही तोच.

हाच मार्टिन त्यापूर्वी, १८०९-१० मध्ये, कानपूरच्या छावणीत पाद्री होता. आपल्या बंगल्याच्या अंगणात तो दर आठवड्याला फकीर-भिकाऱ्यांना बोलावी, भिक्षा देई आणि तुटक्या हिंदुस्थानीत बोले. संख्या वाढत वाढत काही शेकड्यांवर गेली. अंध, कुष्ठी, लंगडे, शिव्या देणारे, सारेच येत. इंग्रज अधिकाऱ्याच्या बागेत असा जमाव त्या छावणीने पूर्वी पाहिला नसावा. कुंपणाच्या भिंतीवरील छत्रीत बसून काही मुसलमान तरुण गंमत पाहत असत. त्यांत शेख सालेह नावाचा, लखनौच्या दरबाराशी संबंध असलेला एक गृहस्थ होता. तो खाली उतरला, पुढे मार्टिनच्या हाताखाली कामास राहिला, आणि बांधणीसाठी हाती आलेली नव्या कराराची हिंदुस्थानी प्रत वाचून काढली. १८११ साली कलकत्त्यास बाप्तिस्मा घेऊन तो अब्दुल मसीह झाला. आग्र्यास त्याने वर्षानुवर्षे सुवार्ता सांगितली व गरिबांना विनामूल्य औषधे दिली. १८२५ मध्ये बिशप हीबर यांनी त्याला दीक्षा दिली. शेवटी तो लखनौला आला आणि १८२७ साली तेथेच वारला. दिलकुशाला तेव्हा वीसेक वर्षे झाली होती, तिचे छप्पर शाबूत होते आणि भोवतालच्या रानात नवाबाची हरणे चरत होती.